दीड टन इंधन आणि एका ओळीचं कारण

उड्डाणाला पन्नास मिनिटं उरलेली असताना कंट्रोल सेंटरमधला फोन वाजतो.

"कॅप्टन बोलतोय. दीड टन वाढवा."

"काही विशेष, कॅप्टन?"

"मला हवंय, एवढं पुरे."

फोन बंद. डिस्पॅचर, म्हणजे कंपनीत जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारा माणूस, आकडा बदलतो, नवा रिलीज (उड्डाणाला मंजुरी देणारा कागद) पाठवतो आणि स्क्रीनवरच्या पुढच्या विमानाकडे वळतो. नियमाने पाहिलं तर कुणाचंच काही चुकलेलं नाही. जास्तीचं इंधन मागायचा कॅप्टनला हक्क आहे आणि डिस्पॅचरने ते दिलंही. तरीसुद्धा हे विमान जितक्या तयारीने निघू शकलं असतं तितक्या तयारीने निघालेलं नाही. ते कसं, हे आकड्यांतच पाहू.

तीन तासांचं उड्डाण धरा, दोन इंजिनांचं मध्यम आकाराचं जेट. प्रवासाला 7,200 किलो. त्यावर पाच टक्के आकस्मिक इंधन, म्हणजे 360. गंतव्यावरून अल्टरनेटला, म्हणजे तिथे उतरता आलं नाही तर ठरवलेल्या पर्यायी विमानतळाला, जायला 1,300. शेवटचा राखीव साठा, म्हणजे 1,500 फुटांवर तीस मिनिटं घिरट्या घालता येतील इतका, 1,150. टॅक्सीला, म्हणजे जमिनीवर धावपट्टीपर्यंत चालत जायला, 200. बेरीज 10,210 किलो. यात कॅप्टनने 1,500 वाढवले. पण इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं. ताशी तीन-चार टक्के असा ढोबळ हिशेब धरला, तर पोचेपर्यंत त्यातले दीडएकशे किलो गेलेले असतात. हातात राहतात 1,350 किलो, म्हणजे साधारण पस्तीस मिनिटांचं होल्डिंग, हवेत घिरट्या घालत थांबणं.

कॅप्टनने ते मागितलं कशासाठी? गंतव्याच्या अंदाजात संध्याकाळी अधूनमधून गडगडाटी पाऊस लिहिलेला होता. त्याने तो पाहिला, आणि काळजी वाटली ती योग्यच वाटली. पण प्लॅनमधला अल्टरनेट तिथून जेमतेम पंचवीस मिनिटांवर, त्याच ढगांच्या पट्ट्याखाली. गंतव्य बंद झालं तर तोही बंद व्हायची शक्यता मोठी. मग पस्तीस मिनिटं घिरट्या घालून जायचं कुठे? "वादळाची काळजी वाटतेय" एवढं जरी फोनवर म्हटलं गेलं असतं, तरी डिस्पॅचरने पट्ट्याच्या पलीकडचा, जरा लांबचा विमानतळ अल्टरनेट म्हणून घेतला असता. त्याला 800 किलो जास्त लागले असते, आणि उरलेल्या 700 मध्ये पंधराएक मिनिटांचं होल्डिंगही बसलं असतं. वजन तेवढंच, दीड टन. मात्र त्या दीड टनात आता बाहेर पडायची वाट असती.

डिस्पॅचरही काही धुतल्या तांदळासारखा नाही. तो अल्टरनेट सॉफ्टवेअरने निवडला होता, कारण तो सर्वांत जवळचा आणि म्हणून सर्वांत स्वस्त होता. गंतव्याचा अंदाज आणि अल्टरनेटचा अंदाज एकमेकांशेजारी ठेवून वाचणं हे त्याचं काम. ते झालं असतं तर कॅप्टनला फोन उचलावाच लागला नसता.

पायलट आणि डिस्पॅचर यांच्यातल्या आदराचा विषय निघाला की चर्चा लगेच वागणुकीवर घसरते. आवाज कुणी चढवला, फोन कुणी आपटला, कुणाला कोण काय समजतो. मग एखादं संवादकौशल्याचं शिबिर होतं, चहा-बिस्किटं होतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा "मला हवंय" सुरू. माझ्या मते इथे आदर ओळखायची खूण एकच आहे: एकाने दुसऱ्याला "का?" विचारलं तर उत्तर मिळतं का, आणि विचारणाऱ्याला ते विचारायचा अधिकार आहे का. हे माणसांच्या स्वभावावर सोडायची गोष्ट नाही. त्यासाठी नियम हवा.

असा नियम काही ठिकाणी बराच जुना आहे. अमेरिकेत 1938 च्या नागरी विमान वाहतूक कायद्याच्या काळापासून डिस्पॅचरला परवाना लागतो. वेळापत्रकाने चालणाऱ्या मोठ्या कंपन्यांत उड्डाणाचं नियोजन, विलंब आणि रिलीज यांची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांची मिळून असते. उड्डाण सुरक्षितपणे पार पडेल असं दोघांनाही वाटत असेल तरच दोघांनी रिलीजवर सही करायची. एकाला पटलं नाही तर विमान जागचं हलत नाही. विमान हवेत गेल्यावरही, ठरलेल्या ठिकाणी जाणं सुरक्षित नाही असं दोघांपैकी एकाचं मत झालं तर तिकडे जात राहायचं नाही. अपवाद फक्त त्याहून सुरक्षित दुसरा मार्गच नाही असं कॅप्टनचं मत असेल तर. डिस्पॅचरच्या परवान्यासाठी किमान 200 तासांचं प्रशिक्षण (किंवा त्याऐवजी ठरावीक कामाचा अनुभव) आणि वयाची 23 वर्षं लागतात.

जगात सगळीकडे असं नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, पहिल्या परिशिष्टात डिस्पॅचरच्या परवान्याचे निकष आहेत. पण डिस्पॅचरला किती अधिकार द्यायचा, हे प्रत्येक देशाने मंजूर केलेल्या नियंत्रण पद्धतीवर अवलंबून राहतं. युरोपच्या सामाईक नियमांत तर डिस्पॅचरचा परवाना असा नाहीच. तिथे जबाबदारी कंपनीच्या व्यवस्थेची आणि कॅप्टनची. त्यामुळे हुद्दा एकच असला तरी एका कंपनीत डिस्पॅचर बरोबरीचा सहीदार असतो, तर दुसरीत कागदपत्रं तयार करून देणारा कारकून. जिथे तो कारकून आहे तिथे त्याने कॅप्टनला "का?" विचारणं हा आगाऊपणा ठरतो. आदराची कितीही व्याख्यानं दिली तरी यात फरक पडणार नाही.

अधिकार नसलेला माणूस जमिनीवर असला म्हणजे काय होतं, हे 28 नोव्हेंबर 2016 रोजी दिसलं. लामिया या विमान कंपनीचं 2933 क्रमांकाचं उड्डाण बोलिव्हियातल्या सांता क्रूझहून कोलंबियातल्या मेदेयीनला निघालं. प्लॅनमध्ये उड्डाणाचा वेळ लिहिला होता 4 तास 22 मिनिटं. टाकीतलं इंधन किती वेळ पुरेल, त्या रकान्यातही 4 तास 22 मिनिटं. अल्टरनेटला काही नाही, राखीव काही नाही. प्लॅन स्वीकारणाऱ्या विमानतळावरच्या कर्मचारी महिलेने त्यावर बोट ठेवलं, तरी तो प्लॅन पुढे गेला. विमानाचा कॅप्टन कंपनीच्या मालकांपैकीच एक होता. अशा कंपनीत डिस्पॅचरने नाही म्हणायचं तरी कुणाला? मेदेयीनजवळ इंधन संपून विमान डोंगरावर आदळलं. विमानातल्या 77 पैकी 71 जण गेले.

याच्या उलट प्रकार, म्हणजे जमिनीवर मदत उपलब्ध असूनही ती न वापरणं, 25 जानेवारी 1990 चा. एव्हियान्का 52, बोइंग 707, न्यूयॉर्ककडे येताना खराब हवेमुळे तीन वेळा मिळून तासाभराहून जास्त होल्डिंगमध्ये. पहिला लँडिंगचा प्रयत्न फसला आणि दुसऱ्यासाठी वळताना इंधन संपलं. 158 पैकी 73 मृत्यू. तपासात मुख्य दोष इंधनाचं व्यवस्थापन आणि आणीबाणी स्पष्ट शब्दांत न सांगणं यांवर ठेवला गेला. पण हातभार लावणाऱ्या कारणांत अमेरिकी तपास मंडळाने हेही लिहिलं की खराब हवेत गर्दीच्या विमानतळावर जाताना वैमानिकांनी कंपनीच्या डिस्पॅच व्यवस्थेची मदत घेतली नाही. होल्डिंगमध्ये बसलेल्या माणसाला समोरचं घड्याळ आणि इंधनाचा काटा दिसतो. बाहेर किती विमानं रांगेत आहेत, अल्टरनेट अजून उघडा आहे का, आता वळलं तर पोचता येईल का आणि दहा मिनिटांनी वळलं तर येईल का, हे गणित शांत खोलीत बसलेल्या माणसाला जास्त नीट करता येतं.

शांत खोलीतला माणूस दबावमुक्त असतो असं मात्र कुणी समजू नये. 31 जानेवारी 2000 रोजी अलास्का एअरलाइन्सच्या 261 क्रमांकाच्या विमानाचं आडवं स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीवरचा छोटा पंख, अडकलं आणि वैमानिकांनी लॉस एंजेलिसला उतरायचं ठरवलं. डिस्पॅचरने सुरक्षेसाठी उतरायचं तर उतरा असं म्हणतानाच सॅन फ्रान्सिस्कोच्या वाहतूक नियंत्रणामुळे तास-दीड तास अडकाल हेही सांगितलं. कॅप्टनला ते खटकलं: उतरता येण्याजोगे विमानतळ मागे टाकत जायची मला काळजी आहे, तुम्ही वाहतुकीचं कारण सांगू नका, अशा अर्थाचं त्याने ऐकवलं. विमान पडलं ते स्टॅबिलायझरच्या स्क्रूला पुरेसं ग्रीस न लागल्याने त्यावरच्या नटचे आटे झिजून गेल्यामुळे. त्या संभाषणामुळे नाही, आणि तसा आरोप करणं अन्यायाचं होईल. विमानातले सर्व 88 जण गेले. तरीही ते संभाषण प्रत्येक डिस्पॅचरने वाचावं. हवेत बिघाड घेऊन असलेल्या माणसाला वेळापत्रकाची माहिती देणं आणि वेळापत्रक त्याच्या गळी उतरवणं यातली रेषा फार बारीक असते, आणि ती कुठे ओलांडली जाते हे ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या आधी कळतं.

म्हणून हवेतल्या संदेशांना शिस्त हवी. विमान दहा हजार फुटांखाली असताना, अगदी तातडीचं नसेल तर काही पाठवू नये. उतरण सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं हाताशी ठेवून पाठवावं. आणि संदेशात निर्णयाला लागणारा मजकूर हवा. "अल्टरनेट बदला, कृपया कळवा" यात काहीच नाही. याऐवजी असं लिहिता येतं: "अल्टरनेटवर सहा विमानं वळलीत, पार्किंग भरत आलं. उत्तरेचा पर्याय उघडा, दृश्यता 8 किमी, तुमच्या जागेवरून 1,900 किलो. 18:40 पर्यंत वळलात तर राखीव शाबूत." हे वाचून कॅप्टन दहा सेकंदांत ठरवू शकतो. उलट कॅप्टनकडूनही "डायव्हर्ट करतोय" एवढंच न येता टाकीतलं इंधन, अपेक्षित वेळ आणि खाली काय लागेल (शिडी, इंधन, रुग्णवाहिका, नवा क्रू) हे आलं पाहिजे. ते आलं नाही म्हणून वळलेली विमानं शिडीअभावी तासन् तास उभी राहतात, आणि मग क्रूची ड्युटीची मर्यादा संपते.

दोघांना दिसणारं जग मुळातच वेगळं असतं. कॅप्टनपुढे एकच विमान आणि रडारवरचे लाल ठिपके. डिस्पॅचरपुढे एका वेळी वीस-पंचवीस विमानं असू शकतात. त्यातल्या चारांचं हवामान बिघडतंय, एकात रुग्ण आहे, दोन अजून जमिनीवर अडकलेली. कॅप्टनला वाटतं याने माझ्या उड्डाणाकडे पाहिलंच नाही. बऱ्याचदा ते खरंही असतं. डिस्पॅचरला वाटतं यांना वाटतं जगात यांचंच एक विमान आहे. तेही बऱ्याचदा खरं असतं.

याचं सर्वांत वाईट रूप म्हणजे नोटॅमचा, म्हणजे धावपट्ट्या आणि विमानतळांबद्दलच्या सूचनांचा, पुलिंदा. 7 जुलै 2017 च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं 759 क्रमांकाचं विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावर, उतरायला निघालं. तिथे चार विमानं रांगेत उभी होती. शंभर फुटांच्याही खाली येऊन ते पुन्हा वर गेलं, म्हणून वाचले सगळे. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांकडच्या 27 पानांच्या पुलिंद्यात आठव्या पानावर होती. म्हणजे कागदोपत्री माहिती दिलेली होती. पण 27 पानं पाठवणं म्हणजे "मी सांगितलं होतं" असं नंतर म्हणायची सोय करून ठेवणं. डिस्पॅचरने रिलीजच्या रिमार्क्समध्ये पहिल्या ओळीत "डावी धावपट्टी रात्री बंद, दिवे विझलेले, उजवीच घ्या" असं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तर तिथे एका माणसाने दुसऱ्याचा विचार केल्याचं दिसतं. आणि कॅप्टनने ते रिमार्क्स वाचले पाहिजेत. कित्येक जण इंधनाचा आकडा आणि मार्ग पाहून पान उलटतात, आणि ते आपलं वाचत नाहीत हे कळलं की डिस्पॅचर लिहायचं बंद करतो. मग एक दिवस लिहायलाच हवं होतं ते लिहिलेलं नसतं.

बिघाडांच्या यादीचंही तेच. किमान उपकरण यादीनुसार एखादं उपकरण बंद असतानाही काही अटींवर विमान उडवता येतं. हवा खेळवणाऱ्या दोन पॅकपैकी एक बंद असला की बऱ्याच विमानांवर उंचीची मर्यादा येते. उंची कमी म्हणजे जळण जास्त, कदाचित वाराही उलटा. तंत्रज्ञाने नोंद केली, पण ती डिस्पॅचपर्यंत उशिरा पोचली, आणि प्लॅन 37,000 फुटांचाच राहिला. कॉकपिटमध्ये बसल्यावर कॅप्टनच्या ते लक्षात येतं आणि तो डिस्पॅचरवर उखडतो. डिस्पॅचर तंत्रज्ञाकडे बोट दाखवतो. दरम्यान नवा प्लॅन, नवं इंधन, नवं वजनपत्रक, आणि पंचवीस मिनिटं गेली.

ती पंचवीस मिनिटं कुणाच्या खात्यावर? इथे कंपन्या स्वतःच भांडण लावून देतात. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे आयटाच्या, विलंब संकेतांत 61 म्हणजे फ्लाइट प्लॅनला उशीर किंवा कागदपत्रांत बदल, 62 म्हणजे इंधन वा भारातला बदल, 63 म्हणजे क्रू उशिरा आला किंवा क्रूच्या निघण्याच्या प्रक्रियेला वेळ लागला. विलंबावर असा संकेत लागतो आणि महिनाअखेरीस खात्याखात्यांची बेरीज होते. मग कॅप्टन 61 लावून घ्यायला बघतो आणि डिस्पॅच 63. विलंब का झाला हा प्रश्न बाजूला राहून कुणाचा झाला यावर दोन हुशार माणसं पाऊण तास घालवतात. वैमानिक आणि डिस्पॅच यांच्या सामाईक कामातून झालेला विलंब दोघांच्या सामाईक खात्यावर टाकावा. निदान कंपनीच्या आतल्या हिशेबात तरी हे सहज करता येईल. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

आक्षेप ठरलेला आहे, आणि तो पोकळ नाही: विमान पडलं तर आधी पायलट पडतो, डिस्पॅचर संध्याकाळी घरी जातो. म्हणून शेवटचा शब्द कॅप्टनचा. मान्य. आणीबाणीत कॅप्टनने नियम बाजूला ठेवून जे करायचं ते करावं, यावर कुणाचा वाद नाही. पण शेवटचा शब्द म्हणजे एकमेव शब्द नव्हे. संयुक्त सही असलेल्या व्यवस्थेतही डिस्पॅचर कॅप्टनला "जा" असं सांगू शकत नाही. तो फक्त "नको" म्हणू शकतो. सावध बाजूला झुकणारा अधिकार दोघांकडे आणि धोका पत्करायचा अधिकार एकट्याकडे कधीच नाही, याहून पायलटच्या हिताची रचना मला तरी सुचत नाही.

अमेरिकी नियमात डिस्पॅचरने वर्षातून किमान पाच तास कॉकपिटमध्ये बसून काम पाहायचं बंधन आहे. चांगला नियम, आणि एकतर्फी. कॅप्टनने वर्षातून एकदा, हवा खराब असतानाच्या दिवसात, पूर्ण शिफ्ट डिस्पॅचच्या टेबलाशेजारी बसावं असं बंधन का नसावं? दौरा नको. हेडसेट लावून, संपूर्ण आठ-दहा तास.

आता परत त्या फोनकडे. "मला हवंय, एवढं पुरे" हे उर्मटपणाने म्हटलेलं असेलच असं नाही. काही कंपन्या जास्तीचं इंधन घेणाऱ्या कॅप्टनांची तुलनात्मक यादी काढतात आणि ती त्यांच्यापुढे ठेवतात. ज्याला अशी यादी दाखवली गेलीय त्याला डिस्पॅचरचा "काही विशेष?" हा प्रश्न चौकशीसारखाच ऐकू येणार. कारण लिहून दिलं की ते उद्या आपल्याविरुद्ध वापरलं जाईल, ही भीती रास्त आहे. म्हणून कारणाची एक ओळ सक्तीची करायची असेल तर तिच्यासोबत दुसरा नियम हवा: ही ओळ फक्त नियोजनासाठी आणि सुरक्षा विभागासाठी, कामाच्या मूल्यमापनात तिला प्रवेश नाही. आणि ही सक्ती दोन्ही बाजूंना. डिस्पॅचरने नेहमीपेक्षा कमी आकस्मिक इंधन घेतलं, जवळचा अल्टरनेट निवडला, वळणाचा मार्ग दिला, तर त्यानेही एका ओळीत का ते लिहावं.

विमान उतरून गेटवर लागलं की टाकीत किती उरलं हा आकडा बऱ्याच विमानांतून आपोआप कंपनीकडे जातो. तिथून तो इंधन खर्चाच्या अहवालात जातो. ज्याने सकाळी तो प्लॅन केला, त्या डिस्पॅचरच्या स्क्रीनवर तो सहसा येत नाही. त्यामुळे त्या दीड टनातलं किती वापरलं गेलं हे त्याला कळत नाही, कॅप्टन बरोबर होता की नाही हेही नाही, आणि उद्या त्याच मार्गाला, त्याच अंदाजावर, तो तोच अल्टरनेट पुन्हा देतो.